शुक्रवारचं पाणी

सुनेनं आमच्या सेलूच्या घरात गिझर बसवला त्याला बरीच वर्षं झाली, पण बादलीत कोपर बुडवून पाहिल्याशिवाय मी अजून कोणाच्या डोक्यावर पाणी घालत नाही. नातवंडं हसतात. "आजी, पाण्याला ताप आलाय का?" असं विचारतात. मीही हसून वेळ मारून नेते. लिहायला बसले तेव्हा शाळा लिहिली, लग्न लिहिलं, सासरच्या माणसांचे यथेच्छ वाभाडे काढले, अंगणवाडीतल्या नोकरीवर पानंच्या पानं खरडली, आणि दर वेळी या प्रकरणापाशी येऊन वही मिटली. आता टाळायला दुसरं काही शिल्लक राहिलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझं माहेर वालूरच्या अलीकडं, सेलूहून बैलगाडीनं तासाभरावर. घर माळवदाचं, पुढं ओसरी, मागं परसात न्हाणी. न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा कूड, मधे एक मोठा सपाट दगड आणि वर उघडं आभाळ. त्या साली कापूस बरा पिकला आणि बाबा सेलूच्या बाजारातून तांब्याचा बंब घेऊन आले. गल्लीतला पहिला बंब. त्याच महिन्यात दादाचं लग्न झालं. घरात आधी बंब आला, मग वहिनी आली, आणि मायनं दोघांनाही सारख्याच भक्तिभावानं ओवाळून आत घेतलं. बंब पेटला की आधी पऱ्हाट्या तडतडायच्या, मग पाणी आतल्या आत घूं घूं करायला लागायचं. तो आवाज मला तेव्हा फार श्रीमंतीचा वाटायचा. शेजारच्या बायका कुडाबाहेर उभ्या राहून तो ऐकायच्या आणि माय मुद्दामच आणखी चार काटक्या आत सारायची.

वहिनीचं नाव कौसल्या. तिचे आईबाप ऊसतोडीला जाणारे, दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचे ते उन्हाळ्यात परतायचे. तिचं बाळपण उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत गेलेलं, आणि आंघोळ कायम कॅनॉलवर. "कडक पानी कसं लागतंय ते मला ठावंच न्हवतं बगा, ताई," ती मला सांगायची. वयानं मी चौदाची आणि ती एकोणिसाची, पण नणंद म्हणून ती मला 'ताई' म्हणायची, आणि आजूबाजूला कोणी नसलं की 'निमे'. पुढचा एक दात किंचित तुटलेला, त्यामुळे हसताना तोंडावर हात. केस मात्र असे की उभी राहिली तर गुडघ्याला लागायचे. तिच्या हातच्या येसराच्या, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या आमटीत बाबा भाकर चुरायचे आणि एरवी शब्दाला महाग असलेला तो माणूस "जमली" एवढं तरी म्हणायचा. मायला सुनेत खोड काढायला जागा सापडत नव्हती, त्यामुळे ती जरा बेचैनच असायची.

आमच्याकडं बायका शुक्रवारी न्हायच्या. एरवी अंगावरून पाणी, डोक्यावरून फक्त शुक्रवारी. वहिनीचे केस एकटीच्यानं आवरणारे नव्हते, म्हणून शिकेकाई चोळायचं आणि पाणी ओतायचं काम माझ्याकडं आलं. मला ते काम लाडकं होतं. ती दगडावर मान खाली घालून बसायची, मी तांब्यानं ओतायची, आणि ती "आनखी, आनखी" म्हणत राहायची. कॅनॉलच्या पाण्यावर वाढलेल्या त्या पोरीला गरम पाण्याची चटकच लागली होती.

लग्नाला दोन-तीन महिने झाले असतील. एका शुक्रवारी पाणी ओतता ओतता तिनं मान वर केली आणि एका बाजूला कलती केली, कोणी लांबून हाक मारतंय आणि ती ऐकते आहे तसं. मग तिचे ओठ हलायला लागले. तोंडात काही नसताना ती चघळत होती. उजव्या हाताची बोटं ओल्या पदराचा काठ चोळत होती, चोळतच होती. आमच्या गल्लीतली गोदामावशी दिवसभर पान चघळायची आणि वहिनी तिची नक्कल फार सुरेख करायची. मला वाटलं, नक्कलच करते आहे. मी हसले आणि गंमत म्हणून आणखी एक तांब्या तिच्या डोक्यावर रिकामा केला. त्या तांब्याबरोबर ती ताठ झाली आणि बाजूला कोसळली. हात, पाय, मान, सगळं थाडथाड उडत होतं. डोळ्यांतली बुबुळं वर गेली होती. मी तांब्या टाकला आणि मायला हाका मारल्या.

मायनं कांदा फोडून नाकाशी धरला, दादानं पायातली चप्पल काढून हुंगवली, कोणीतरी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. थोड्या वेळानं ती शांत झाली, डोळे उघडले, आणि आम्हाला कोणालाच तिनं ओळखलं नाही. दादाकडं बघून तिनं घाबरून पदर ओढला. नवऱ्याला परका पुरुष समजून. तिसऱ्या प्रहरी माणसात आली तेव्हा तिला काहीही आठवत नव्हतं, पण घरानं तोवर आपला निकाल लावून टाकला होता. "मिरगीची पोरगी गळ्यात बांधली त्यांनी," माय ओसरीवर कपाळ बडवत म्हणाली. "उगंच न्हाई सोन्यासारखी सून इतक्या सस्तात भेटली. टोळी परत आली की बापाला बोलवा, मनाव घिऊन जा तुमचा माल." दादा खाली मान घालून ऐकत होता. आमचा दादा आयुष्यभर खाली मान घालूनच जगला. वहिनी आत चुलीपुढं बसून हे सगळं ऐकत होती आणि तव्यावरची भाकर करपत होती.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा. मधले सहा दिवस वहिनी धडधाकट, विहिरीवरून दोन-दोन घागरी आणणारी. तिसऱ्या खेपेला गोदामावशी हजर होती. तिनं वहिनीचे हलणारे ओठ निरखून पाहिले आणि स्वतःच्या तोंडातलं पान थुंकून दोन्ही हात जोडले. "आगं, कामून रडायलीस? मिरगी कुटं वार बगून येती का? शुक्रवार सोडून येक दिस तरी आली का? आन त्वांड बग तिचं. तांबूल चघळायलीय ती. माहूरची आई हाय ही!"

माहूरच्या रेणुकेला कुटलेल्या विड्याचा, तांबुलाचा नैवेद्य असतो हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. एवढं बोलणं पुरे झालं. माय धावत आत गेली, हळदकुंकवाचा करंडा घेऊन आली आणि दोन आठवड्यांपूर्वी जिला 'माल' म्हणाली होती तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आज या गोष्टीवर हसणं सोपं आहे. पण आमच्यापाशी दोनच नावं होती, एक मिरगी आणि एक देवी. पहिल्या नावानं बाई घरातून जात होती, दुसऱ्या नावानं राहत होती. मी चौदा वर्षांची होते आणि मला वहिनी घरात हवी होती, म्हणून मीही पाया पडले.

मग शुक्रवारचं सगळं घरच बदललं. सकाळपासून खलबत्त्याचा ठक ठक आवाज; माय स्वतः तांबूल कुटायची, नागवेलीची पानं, कात, सुपारी, बडीशेप. गल्लीतल्या बायका गूळ-फुटाणे घेऊन यायच्या. देवीला बसवायचं तर आधी डोक्यावरून न्हायला हवं, आणि देवीचं न्हाणं म्हणजे कोमट का असेना असं थोडंच चालणार? बंब लाल होईस्तोवर पेटायचा. मी ओतायची. पाच-सहा तांब्यांत वहिनीची मान कलायची, ओठ हलायचे, मग तिला कोरड्या लुगड्यात गुंडाळून तिथंच पाटावर बसवायचं. बायका प्रश्न विचारायच्या आणि ती जे काही असंबद्ध पुटपुटायची त्यातून गोदामावशी उत्तरं काढायची. कधी ती नुसतीच हरवून बसायची, कधी ताठ होऊन पडायची. शेवटी माय तिच्या ओठांना चिमूटभर तांबूल लावायची. संध्याकाळी तिच्यासाठी खास दही-धपाटे. मायनं तिला अंथरुणावर हातात ताट नेऊन दिलेलं मी पाहिलं आहे.

पण वहिनी पातळ व्हायला लागली होती. शनिवारी ती मीठ दोनदा घालायची. येसर भाजताना हात थांबायचा आणि पुढं काय करायचं ते तिला आठवायचं नाही. एकदा माझं नाव विसरली आणि ते लपवायला मला दिवसभर 'ताई, ताई' करत राहिली. दादाच्या लक्षात आलं की नाही ते देव जाणे. माय म्हणाली, देवी अंगावर झेलायची म्हणजे सोपं आहे होय?

मग बंब गळायला लागला. बाबांनी तो कथलाचा डाग लावून घ्यायला सेलूला नेला आणि दोन शुक्रवार वहिनीला मायनं विहिरीच्या थंड पाण्यानं न्हाऊ घातलं. काहीच झालं नाही. बायका ताटकळल्या, फुटाणे खाऊन परत गेल्या. वहिनी ओले केस सोडून पाटावर बसली होती, गालांवर रंग होता, आणि तिला येसराची कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवत होती. मी तिच्याकडं बघत होते आणि माझ्या डोक्यात बंबाची घूं घूं चालू होती. मला काही शास्त्र कळत नव्हतं. मला फक्त हिशेब जुळताना दिसला: आम्ही शुक्रवारी डोक्यावरून गरम पाण्यानं न्हातो, म्हणून हे शुक्रवारी होतं.

परसात धुणं धुताना मी तिला ते सांगितलं. वाटलं होतं, तिला आनंद होईल. तिचे हात पिळ्यावरच थांबले.

"मला ठाव हाय, निमे," ती म्हणाली. "तिसऱ्या येळंलाच कळलं. पानी डोक्यावर पडलं की आदी लय ग्वाड वाटतंय. पोटात झोक्यावानी व्हतंय. हुरडा भाजल्याचा वास येतोय. मग कोनी तरी हाक मारतंय, आन मग काईच न्हाई."

"मंग सांग की मायला!"

"काय सांगू? देवी न्हाई, मिरगी हाय मनून?" तिनं पीळ सोडला. "कोपीत परत न्हाई जायाचं मला. तितं तर मला कोनी पानी पन पाजनार न्हाई. हितं हप्त्यातनं येक दिस मरायचं, सा दिस जगायचं. सवदा वाईट न्हाई."

"आन तू मला इसरायलीस ते?"

माझा ओला हात उचलून तिनं आपल्या डोक्यावर ठेवला. "माझी आन हाय तुला. कोनापाशी बोलशील तर माझं मेलेलं त्वांड बगशील." मी हात काढून घ्यायला हवा होता. आज मी त्या चौदा वर्षांच्या पोरीच्या जागी दुसरी कोणाची तरी पोर कल्पून पाहते आणि तिला माफ करते. ती मीच आहे हे आठवलं की मात्र माफ करता येत नाही.

दुसराही शुक्रवार कोरडा गेल्यावर मायचा नूर पालटला. देवी रुसली म्हणाली, मग विटाळ झाला असेल म्हणाली, आणि रविवारी बाबांना म्हणाली, "पोरीनं सोंग तर न्हाई ना केलं? टोळी आलीय वाटतं परत. या शुकीरवारी आई न्हाई आली तर तिच्या बापाला निरोप धाडा." हे तिनं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं की सहज, ते कळायला मार्ग नाही. बुधवारी बंब परत आला. नवा डाग चांदीसारखा चमकत होता.

त्या शुक्रवारी न्हाणीभोवती अर्धा गाव होता. मी मुद्दाम शेजारी थंड पाण्याची बादली भरून ठेवली होती. वहिनी दगडावर बसली, तिनं केस सोडले, एकदा बादलीकडं पाहिलं आणि एकदा माझ्याकडं. "ताई," ती बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज कडक वता." माझा हात घुटमळला. तिनंच तांब्या हिसकावून ओतून घेतलं असं इथं लिहायला हात शिवशिवतो आहे, पण तसं झालं नाही. मीच ओतलं. बंबाच्या तोटीखालून तांब्या भरून भरून, एक, दोन, तीन, जोवर तिची मान कलली नाही तोवर.

ओठ हलायला लागले तशी बायकांमधून "उदो, उदो" उठलं. माय रडत होती. तीन आठवड्यांचा धाक, संशय, सगळं त्या रडण्यातून वाहत होतं. तिच्या हातात चिमूट नव्हती, तांबुलाचा मुठीएवढा गोळा होता. "खा माय, खा. पुना रुसू नको," म्हणत तिनं तो वहिनीच्या चघळणाऱ्या तोंडात भरला. आणि त्याच क्षणी वहिनी ताठ झाली. दातखीळ बसली. घशातून घर्र घर्र असा आवाज आला, मग तोही थांबला. हनुवटीवरून लाल रस ओघळला. "आज जोराची आलीय," गोदामावशी म्हणाली, आणि मागच्या बायका ते लाल तोंड बघायला पुढं रेटल्या. मला वहिनीची नखं दिसली. ती जांभळी होत होती.

मी ओरडले, "देवी न्हाई ती, मरायलीय ती!" आणि तिच्या दातांत बोटं घातली. तिचे दात माझ्या तर्जनीत हाडापर्यंत रुतले. तो व्रण अजून आहे; लेखणी धरते तेव्हा बरोबर त्याच्यावर टेकते. दादानं आयुष्यात एकदाच मान वर केली ती त्या दिवशी; त्यानं तिला उलटी धरून पाठीत बुक्क्या मारल्या आणि गोळा बाहेर पडला. पण तोवर उशीर झाला होता.

परभणीच्या दवाखान्यात तिला पाहणारा डॉक्टर कर्नाटकातला होता, तरुण, मोडकंतोडकं मराठी बोलणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली, "झटका डोक्यावर गरम पाणी घेतलं की येत होता काय?" मायला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, आमच्या गावाकडं असे पेशंट पुष्कळ बघितलेत. पाणी कोमट घ्यायचं, एक गोळी घ्यायची, एवढंच. संसार करतात, लेकरंबाळं होतात. "तुम्हाला कोणाला लक्षात नाही आलं काय?" त्यानं विचारलं, रागानं नाही, वाईट वाटून. "आमाला अडान्यांला काय ठाव, साहेब," माय म्हणाली. मी फरशीकडं बघत होते. मला ठाऊक होतं, असं मी म्हणाले नाही. आज पहिल्यांदा म्हणते आहे.

वहिनी मेली नाही. मेंदूला हवा मिळाली नव्हती म्हणाले. उजवा हात छातीशी आवळला गेला, वाचा गेली, आणि तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. मायनं दीड महिना तिचं हगणंमुतणं काढलं, खोटं कशाला बोलू, मनापासून काढलं. मग तिची खणानारळानं ओटी भरली, तिला गाडीत बसवलं आणि बापाकडं पोचती केली. गाडी हलली तेव्हा माय ऊर फुटेस्तोवर रडली. पुढच्या लग्नसराईत दादाचं दुसरं लग्न झालं. नव्या वहिनीसाठी तोच बंब पेटायचा. ज्या एका गोष्टीच्या धास्तीनं वहिनीनं तोंड मिटलं आणि मला मिटायला लावलं, ती तशीही झालीच.

तिचे आईबाप कधीच गेले. आता ती वालूरच्या बाजूला भावाच्या पत्र्याच्या घरी असते. तो टोळीबरोबर जातो तेव्हा तिलाही ट्रॅक्टरवर घालून नेतो, कारण मागं ठेवायला कोणी नाही. सहा महिने ती कोपीत असते. उरलेल्या महिन्यांत मी दर शुक्रवारी सेलूहून जाते आणि तिला न्हाऊ घालते. केस आता मूठभर राहिलेत, पांढरे. तिची भावजय चुलीवरून गरम पाण्याचं भगुलं आणून ठेवते, शेजारी गार पाण्याची बादली. मी बादलीकडं हात नेला की वहिनी आधी दाराकडं बघते, बाहेर कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. मग चांगल्या हातानं ते गरम भगुलं माझ्याकडं सरकवते. दर शुक्रवारी सरकवते. "वैनी, आता कोनी तुला घरातून काढत न्हाई," मी सांगते. तिला ते पोचत नाही. मी कोपर बुडवते, गार पाणी मिसळत जाते, आणि ती माझ्याकडं अशी बघत राहते, जणू मीच तिला बाहेर काढते आहे.